आर्द्रेआधीचा केक

चिंचवडच्या त्या घरात आर्द्रा नक्षत्र लागले की आंबा बंद. यंदा सासूबाईंचा ऐंशीवा वाढदिवस नेमका आदल्या दिवशी, २१ जूनला आला. कोकणचा हापूस सरला होता; जुन्नरकडचा, उशिरा पिकणारा, तेवढा मिळाला. सुनेने गर आधी आटवून घेतला, कारण पातळ गराने केक मधोमध खचतो. अंड्याऐवजी दही आणि खायचा सोडा. साडेसहाला केक भट्टीतून निघाला. गरम कापावा तर चुरा होणार, आणि सूर्यास्त सव्वासातचा! त्यानंतर सासूबाई पाणीही घेत नाहीत. मुलगा चाकणच्या तळेगाव चौकातच अडकलेला. सात वाजले.

“सूनबाई, काप आता,” सासूबाई म्हणाल्या, “चुरा झाला तर चमच्याने खाईन.”