हाताच्या मागे खांदा

मु. पो. शनिशिंगणापूर, ता. नेवासे
रविवार

चि. बाळ यास,

तुझे पत्र गुरुवारीच हाती आले; परंतु त्यानंतरचा शनिवार अमावास्येचा होता, आणि शनी-अमावास्येला आपल्या गावात भाविकांच्या गर्दीतून घरच्या माणसाला घरात वाट काढावी लागते हे तुला ठाऊक आहे, म्हणून उत्तरास आजचा दिवस उजाडला. प्रश्न तू मोठ्या नेमकेपणाने विचारला आहेस: पंजा लढवताना समोरच्याच्या हातावर दाब कोठून लावावा, कोणत्या क्षणी लावावा, आणि दंडाचा घेर वाढूनही आपला हात मध्येच का अडतो. त्याचा खुलासा मी यथामति करणार आहे. पण पत्राच्या अखेरीस, जणू सहज म्हणून, ‘हात मोडला तरी बेहत्तर, पण टेकवणार नाही’ असे जे वाक्य तू लिहून ठेवले आहेस, ते वाचल्यापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. वहिनींना मी ते पत्र वाचून दाखवले तेव्हा ती ओळ गाळली, हे तुला कळावे.

दिवाळीत ओट्यावर तू आत्याच्या थोरल्याशी पंजा लावलास, तेव्हा मी कणगीपाशी उभा राहून पाहत होतो. तुझा हात मागे चालला होता, आणि तू मात्र जमलेल्या पोरांकडे मान वळवून हसत होतास; छाती डावीकडे फिरलेली, खांदा पुढे निघून गेलेला आणि हात बिचारा एकटा उजव्या अंगाला मागे राहिलेला. सगळ्यांनी तुझ्या जिद्दीची तारीफ केली. माझ्या घशाला कोरड पडली होती. विहिरीवरच्या त्या उन्हाळ्यानंतर दादांचा, तुझ्या वडिलांचा, उजवा हात कसा झाला होता, हे तू लहान असलास तरी पाहिले आहेस; त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पंजात दाब हाताने लावायचा नसतो, तो देहाने लावायचा असतो, आणि हाताने फक्त तो न सांडता समोरच्यापर्यंत पोहोचवायचा असतो. हे माझे मत नव्हे, शरीराच्या रचनेतच ते लिहिलेले आहे. कोपर काटकोनात असता तळवा कोपरापासून फूटभर दूर असतो, आणि दंडाच्या पुढच्या स्नायूची दोरी मात्र कोपराखाली जेमतेम दीड-दोन इंचांवर हाडाला जडलेली असते. म्हणजे तळव्यावर दहा किलोचा ओढा आला, तर तो पेलण्यासाठी त्या स्नायूला सहा ते आठ पट ताण सोसावा लागतो. ज्या दंडाचा घेर मोजण्यासाठी तू फीत बाळगतोस, तो दंड या हिशेबात मुळातच तोट्याच्या जागी बसलेला आहे. याउलट छातीचा, पाठीचा आणि खांद्याच्या आतला स्नायुसमूह मोठा, त्याच्यामागे कंबर, आणि कंबरेमागे जमिनीला रेटणारे पाय. एवढी सगळी फौज दिमतीला असताना एकट्या दंडाला लढाईवर धाडणे हे कोणत्या शहाणपणाचे लक्षण आहे?

म्हणून क्रम असा ठेव. उजव्या हाताने लढताना उजवा पाय पुढे, पोट टेबलाच्या कडेपाशी, डाव्या हाताने खुंटी घट्ट धरलेली. पकड होताच, हुकूम होण्यापूर्वीच, बोटांतील आणि कोपरातील ढिलाई नियमात बसेल तेवढी काढून घ्यायची. कारण सैल हाताने सुरुवात करणाऱ्याचा पहिला जोर ती ढिलाई भरून काढण्यातच खर्च होतो. हुकूम झाला की पहिला दाब आडवा नव्हे, स्वतःकडे. समोरच्याचा हात आपल्या छातीकडे ओढला गेला की त्याचे कोपर उघडते, त्याचा तळवा त्याच्याच खांद्यापासून दुरावतो, आणि त्याच्या सगळ्या स्नायूंचे बळ निम्मे-शिम्मे होऊन जाते. दुसरा दाब मनगटाचा: आपले मनगट आत वळलेले आणि त्याचे मागे मोडलेले, ही स्थिती मिळाली की कुस्तीतील पट काढल्याप्रमाणे निम्मे काम झाले असे समज. तिसरा दाब आडवा आणि खाली, आणि तो हात फिरवून नव्हे, तर हात जागच्या जागी खांद्याशी बांधून, सबंध धड त्याच्यामागे नेऊन. नवखा माणूस तिसऱ्या दाबाने आरंभ करतो, आणि तूही तेच करतोस. दंड मोठा असूनही हात मध्येच अडतो तो याच कारणाने.

तुझ्या व्यायामशाळेतील मित्र ज्या टॉप रोल, हुक आणि प्रेस या डावांची नावे घेतात, ते तिन्ही याच तत्त्वाचे आविष्कार आहेत. टॉप रोलमध्ये पकड उंच घेऊन, आपला तळवा जमिनीकडे वळवीत, समोरच्याच्या अंगठ्याच्या मुळावर आणि बोटांवर भार टाकून त्याचे मनगट उघडायचे; लांब पंजाच्या आणि उंच माणसाला तो साधतो. हुकमध्ये तळवा स्वतःकडे वळवून मनगटाशी मनगट भिडवायचे आणि सगळा भार आत ओढायचा. तेथे दंडाला आणि कोपराच्या आतल्या शिरांना विलक्षण ताण बसतो. प्रेसमध्ये खांदा थेट हातावर आणून वरून रेटायचे. तुझी बोटे आजोबांवर गेली आहेत, लांब आणि बळकट. तुझा डाव पहिला. हुकच्या नादी तू का लागलास हे मला कळत नाही, आणि कोपराच्या आतल्या बाजूला ठणका लागतो असे जे तू ओझरते लिहिले आहेस, त्याचे मूळ मला त्यातच दिसते.

आणि आता ते सांगतो, ज्यासाठी खरे पाहता हे पत्र लिहायला बसलो आहे. खांदा आणि छाती पुढे वळली आणि हात मागे राहिला, की दंडाच्या हाडाचे वरचे टोक तुझेच स्नायू आत फिरवीत असतात आणि खालचे टोक समोरचा माणूस बाहेर फिरवीत असतो. ओले धोतर दोघांनी दोन टोकांना धरून पिळावे, तसे ते हाड पिळले जाते. हाड दाबाला खंबीर आहे, पिळाला नाही. ते मळसूत्री रेषेत, बहुधा कोपराच्या वरच्या बाजूला, खालच्या तिसऱ्या भागात तडकते, आणि त्याच्या पाठीवरून वळसा घेत जाणारा जो मज्जातंतू मनगट उचलण्याचे काम करतो, त्यालाही कित्येकदा इजा होते. मग हात जोडला गेला तरी मनगट काही महिने खाली लोंबत राहते. नगरला एका अस्थितज्ज्ञांकडे दादांच्या वेळी मी बसलो होतो, तेव्हा त्यांनी कागदावर हाडाचे चित्र काढून हे मला समजावले होते. त्यांनी असेही सांगितले की अशा रुग्णांपैकी पुष्कळ जण धडधाकट आणि तरुण असतात, आणि हाड त्यांचे जिंकण्याच्या किंवा न हरण्याच्या हट्टात मोडलेले असते.

हे वाचून पंजा सोडावा असे तुला वाटू नये. माझे म्हणणे अगदी उलट आहे. हात सदैव छातीच्या समोर ठेवावा, नजर हातावर ठेवावी, आणि हात जिकडे जाईल तिकडे सबंध धडाने जावे, हा जो सुरक्षिततेचा नियम आहे, तोच जिंकण्याचाही नियम आहे; कारण खांदा ज्या क्षणी हाताच्या मागून निघून जातो, त्याच क्षणी देहाचे बळ हातात उतरायचे थांबते. जो हाड वाचवतो तोच दाब लावतो. जागतिक संघटनेच्या नियमावलीतही हात-खांदा अशा धोक्याच्या स्थितीत नेण्याची मनाई आहे, आणि खेळाडू तसा वळू लागला की पंच मोठ्याने ताकीद देतात. कोपर गादीवरून उचलणे हा दोष, आणि दोन दोष झाले की डाव गेला. पकड सुटली तर दोघांचे हात पट्ट्याने बांधून पुन्हा लावतात. हे सगळे त्या विद्येच्या जाणकारांनी हात मोडताना पाहून ठरवले आहे, आणि तू ते भित्र्यांचे नियम म्हणावेस याचे मला वाईट वाटते.

तुमच्या त्या आरशांच्या व्यायामशाळेविषयी माझे मत तुला पूर्वीपासून ठाऊक आहे, तरीही लिहिल्यावाचून राहवत नाही. आरशात जे दिसते तेच तेथे वाढवले जाते. बोटे, मनगट, पाठ आणि टाचा आरशात शोभिवंत दिसत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी जो मल्लखांब पुनरुज्जीवित केला, त्यात, आणि विशेषतः दोरीच्या मल्लखांबात, सबंध देहाचा भार बोटांनी आणि बगलांनी पेलायला माणूस शिकतो. करेला, म्हणजे जड मुद्गल, फिरवणाऱ्याचे मनगट कसे होते ते तू दादांचे पाहिलेस. हेलसिंकीच्या १९५२ सालच्या ऑलिंपिकमधून कांस्यपदक आणणारे गोळेश्वरचे खाशाबा जाधव बँटमवेट गटातले. त्यांची फोटोतली शरीरयष्टी तुझ्या मित्रांना नजरेत भरण्याजोगी वाटणार नाही. आपल्या शिवारात मुळेचे कालवे आणि विजेचे पंप यायच्या आधी जी माणसे सोल धरून मोट हाकीत, पोहरे ओढीत, त्यांच्या पंजात हात दिला की तो परत मिळेपर्यंत आपण गप्प राहत असू. त्यातल्या एकाचाही दंड मोजायला कोणी गेला नाही. पंप आले ते बरेच झाले, कष्ट कमी झाले. पण ती मनगटे गेली, आणि त्यांची जागा घ्यायला लोखंडाच्या चकत्या पुरेशा नाहीत असे माझे ठाम मत आहे.

या खेळाला आता मान मिळू लागला आहे, याचा मला तुझ्याइतकाच आनंद आहे. २०२३ साली दिल्लीत प्रो पंजा लीगचा पहिला हंगाम झाला, त्यात मुंबईचाही संघ होता. यात्रेच्या पारावर पैजेने चालणारी गोष्ट दिव्यांच्या झोतात आली, पंच आले, वजनगट आले. २०२५ साली नगरात महाराष्ट्र केसरीचे मैदान भरले तेव्हा आपल्या आळीतली निम्मी पोरे तिकडे होती. पण कुस्तीला जशी तालीम आणि वस्ताद लाभले, तसे पंजाला खेड्यापाड्यांतून अद्याप लाभलेले नाहीत. तालमीत पोराला आधी पडायला शिकवतात, मग पाडायला. पंजा मात्र कोणीही, कोठेही, जेवणाच्या टेबलावर, लग्नाच्या मांडवात, अंग गरम नसताना, दुप्पट वजनाच्या माणसाशी लावतो, आणि भोवती उभे राहून ओरडणारे सगळे अज्ञ असतात. आमचे वस्ताद शनिवारी मारुतीला तेल घातल्यावर त्या दिवशी पंजा लावूच देत नसत; तेलकट हात निसटतो, आणि निसटताना माणूस भलत्या बाजूला झटका खातो, म्हणून. या गावात, जेथे शनिवारी निम्म्या गावाचे हात तेलाचे असतात, ती ताकीद आजही हवी आहे.

मेहनतीविषयी एवढेच. स्नायू काही आठवड्यांत बळावतो, पण त्याला हाडाशी जोडणारी दोरी बळावायला महिने लागतात. तुझा दंड तुझ्या कोपराच्या पुढे निघून गेला आहे, आणि ठणका त्याचाच पुरावा आहे. ठणका पुरता जाईपर्यंत टेबलाला हात लावू नकोस. त्यानंतरही आठवड्यातून एकदाच खरा पंजा, तोही आपल्याहून जाणत्याशी, जो हात मागे चालल्यावर सोडून देईल. मधल्या दिवसांत जाड पंचा आढ्याला टाकून लोंबकळणे, मनगट आत वळवून बादली धरणे, आणि हातोड्याचा दांडा एका टोकाला धरून सावकाश डावी-उजवीकडे फिरवणे. आणि हात हरतो आहे असे कळले, खांद्यामागे गेला असे वाटले, की तत्क्षणी त्याच्याबरोबर धड वळवून टेकवून मोकळे व्हायचे. ही गोष्टही सरावाने शिकावी लागते. मुद्दाम हरून तिचा सराव कर.

स्पर्धेची तारीख तू लिहिलेली नाहीस. ती चतुर्थीच्या आसपास असेल तर तोवर कोपर बरे होणार नाही, आणि नाव मागे घ्यावे असे माझे स्पष्ट सांगणे आहे. फी गेली तर मी भरून देईन. पुण्यात एखाद्या चांगल्या अस्थितज्ज्ञाला कोपर दाखव आणि ते काय म्हणाले हे उलट टपाली कळव. फोनवर तू ‘ठीक आहे’ एवढेच बोलतोस, त्याने माझे समाधान होत नाही.

तुझा,
आप्पाकाका

ता. क. — धाकट्याने शाळेतून आल्यावर ओट्यावर पंजाचा फड मांडला आहे. आपल्या घराला कडी नाही, त्यामुळे आळीतली पोरे थेट माजघरात शिरतात आणि त्याला बोलावून नेतात. तो चौदा वर्षांचा आहे. या वयात कोपराच्या आतल्या बाजूचे हाड अजून पुरते जुळलेले नसते, आणि स्नायूच्या एका हिसक्याने त्याचा टवका निघू शकतो, असेही नगरच्या त्या डॉक्टरांनी मला सांगितले होते. मी रागावलो तर तो म्हणतो, ‘बाळदादा तर मोडला तरी टेकवत नाही.’ माझे तो ऐकत नाही, तुझे ऐकेल. त्याला वेगळे पत्र लिही, आणि या आठवड्यातच लिही.