नेकरकाठचे बंदुकांचे गाव

स्टुटगार्टहून दक्षिणेला जाणारी गाडी होर्ब स्टेशन सोडते आणि नेकर नदीचे बोट धरून चालू लागते. अरुंद दरी, अंगावर येणाऱ्या हिरव्या टेकड्या, मधूनच एखादे लाल कौलांचे खेडे. अशाच एका वळणावर ओबर्नडॉर्फ लागते. काही घरे खाली नदीकाठी, काही वर टेकडीवर. इतक्या निवांत जागी माणसाने फार तर घड्याळे करावीत! ओबर्नडॉर्फने बंदुका केल्या.

१८११ साली व्युर्टेंबर्गच्या राजाने येथल्या ऑगस्टिनियन मठात बंदुकांचा कारखाना घातला. त्या कारखान्यातल्या एका कामगाराचा मुलगा म्हणजे पाउल माउझर. त्याची १८९८ सालची रायफल पुढे जगभर गेली. आज मठात नगरपालिका आहे, मठाच्या चर्चमध्ये गाण्याच्या मैफली होतात आणि गावात शस्त्रांचे संग्रहालय आहे. मला मात्र ओढ होती ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीच्या रायफलींच्या नळ्यांची. हरत चाललेल्या देशाची नाडी कोठे लागत असेल, तर ती या नळ्यांवर!

युद्धाच्या आरंभी जर्मन लष्कराचा कटाक्ष असा, की आपोआप भरणारी नवी रायफल हवी, पण नळीला भोक पाडायचे नाही. भोक म्हणजे नळीचा अपमानच जणू! मग गोळीमागून येणारा वायू नळीच्या तोंडाशी टोपण घालून अडवावा लागला. १९४१ ची ती रायफल तोंडाकडे जड झाली आणि काजळीने अडू लागली. तिकडे रशियन सैनिकांच्या हातात भोक पाडलेल्या नळीच्या रायफली सुरळीत चालत होत्या. १९४३ साली जर्मनांनीही मुकाट्याने भोक पाडले. अभिमानापेक्षा बर्फ आणि चिखल बलवत्तर ठरले.

पुढे टंचाई आली. माउझर रायफलीची संगीन अडकवण्याची खोबण गेली, नळी साफ करण्याची सळई गेली. पूर्वी आरशासारख्या घासलेल्या पोलादावर लेथच्या रेघा तशाच राहू लागल्या. त्याच सुमारास चक्क वाकडी नळीही निघाली! रायफलीच्या तोंडाला तीस अंशांत वळलेला तुकडा आणि वर लोलकाची दुर्बीण, म्हणजे कोपऱ्याआड उभे राहून गोळी झाडता यावी. रणगाड्यातून अगदी जवळ आलेला शत्रू टिपण्यासाठी काटकोनात वळलेली नळीही केली. दाब कमी व्हावा म्हणून वळणावर बारीक छिद्रे होती. तरी गोळ्या कधी आतच फुटत, आणि तीस अंशांची नळी सुमारे तीनशे गोळ्यांत निकामी होई. घर जळत असताना दाराला नक्षी कोरण्यातला हा प्रकार!

पण याच गावात, माउझरच्या कारखान्यात, अगदी शेवटी एक साधी गोष्ट साधली. काडतूस उडाले की त्याची पुंगळी फुगते आणि नळीला घट्ट चिकटते. घाईने ओढली तर फाटते. तेथल्या इंजिनियरांनी काडतूस बसते त्या जागी उभ्या बारीक पन्हळी कोरल्या. वायू त्यांतून पुंगळीच्या बाहेरच्या अंगालाही पोचतो, पुंगळी जणू वायूवर तरंगते आणि अलगद बाहेर येते. या नव्या रायफलीचे मोजकेच नग तयार होत होते, तोच एप्रिल १९४५ मध्ये फ्रेंच फौजा गावात शिरल्या.

इंजिनियर पांगले. लुडविग फोरग्रिमलर फ्रान्समार्गे स्पेनला गेला आणि पन्हळीही त्याच्याबरोबर गेल्या. स्पेनमधून त्या जर्मनीत परतल्या, त्याही ओबर्नडॉर्फलाच. माउझरच्या तीन जुन्या माणसांनी १९४९ साली येथे काढलेल्या हेकलर आणि कोख कंपनीच्या एमपी-५ या आखूड बंदुकीत त्या आहेत. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये आणि नरिमन हाउसमध्ये शिरलेल्या आपल्या कमांडोंच्या हातांत हीच बंदूक होती. त्या तीन रात्री आपण सारे टीव्हीसमोर श्वास रोखून बसलो होतो. तेव्हा नेकरकाठची ती पन्हळ आपल्या बाजूने काम करीत होती, हे कोणाला ठाऊक होते?

हा विचार मनात घोळवीत मी सुखावलो असतो. पण ओबर्नडॉर्फ सुखावू देत नाही. माउझरच्या कारखान्यात युद्धकाळात हजारो परदेशी माणसे वेठीला धरलेली होती. जवळच आइस्टाइग येथे कामात कसूर करणाऱ्यांसाठी शिक्षेची छावणी होती. कागदावर पन्हळ आखणारा हात एकाचा. उपाशीपोटी यंत्रापुढे उभे राहणारे हात दुसऱ्यांचे. त्या हातांची नावे कोणत्याही नळीवर ठोकलेली नाहीत.

परतताना मठाच्या चर्चमध्ये डोकावलो. छतावर रंगीत देवदूत आहेत. त्यांच्याखाली एकेकाळी प्रार्थना झाली, मग यंत्रे धडधडली आणि आता गाणे होते. गाडीला अवकाश होता. मी एका खुर्चीवर बराच वेळ नुसता बसून राहिलो.