पहिला सरस की दुसरा?

एखादा चित्रपट गाजला आणि त्याचा पुढचा भाग आला, की मुलुंड-घाटकोपरपासून अंधेरी-बोरिवलीपर्यंत मुलांत एकच वाद रंगतो: पहिला सरस की दुसरा? राकेश रोशन यांच्या 'कोई... मिल गया' (2003) आणि 'क्रिश' (2006) या चित्रपटांविषयीही हाच प्रश्न पडतो.

पहिल्यातील रोहितची बुद्धी मंद. सारे त्याची थट्टा करीत. परग्रहावरून आलेला 'जादू' त्याचा मित्र होतो आणि त्याला बळ देतो. जादू परत जाताच ते बळही काही काळ हरपते. तरी रोहित मित्राला अडवून धरीत नाही.

'क्रिश'मधील कृष्णा हा रोहितचा मुलगा. बळ त्याला जन्मतःच लाभलेले. त्याच्या उत्तुंग उड्यांनी डोळे दिपतात. पण डोळे दिपले म्हणजे मन भरतेच असे नाही. मन भरते ते अन्यत्र. सिंगापुरात सर्कशीला आग लागते. आपली शक्ती प्रकट करणार नाही, असे वचन कृष्णाने आजीला दिलेले असते. तो मुखवटा चढवून आगीत शिरतो. मुले वाचतात, वचनही राहते. पुढे, एका मित्राच्या बहिणीच्या शस्त्रक्रियेला पैसे मिळावेत म्हणून तो आपले श्रेय त्या मित्राला घेऊ देतो.

दुबळ्याला आधार कोण देईल, हा पहिल्याचा प्रश्न. लाभलेल्या बळाचे काय करावे, हा दुसऱ्याचा. जिव्हाळ्यात पहिलाच सरस. विचारात मात्र पुत्र पित्याच्या एक पाऊल पुढे गेला. मुखवटा कोणीही बांधील. त्याच्याआड राहून, नाव न सांगता परोपकार करणे हेच कठीण!