माळेगावचा तंबू

आमच्या अहमदपूरहून नांदेडच्या रस्त्याने निघालं, की लोहा तालुक्यातलं माळेगाव लागतं. मार्गशीर्षाच्या अखेरीस तिथे खंडोबाची मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, बैल, केवढा तो बाजार! पण आम्हा पोरांचा जीव अडकलेला असायचा टुरिंग टॉकीजच्या तंबूत.

पडद्याच्या पुढे पुरुष बसायचे, मागे बायका. मागून सगळं उलटं दिसे. माझ्या ताईला तर हीरो डावखुराच वाटायचा! यंत्र एकच. त्यामुळे रीळ संपलं की थांबायचं, दिवे लागायचे आणि तंबूभर शेंगा फोडल्याचा आवाज. मला तर सिनेमापेक्षा तेच आवडायचं. पुढे घरोघरी टीव्ही आला. आकाशपाळणे राहिले, पण तंबू एकेक करून उठत गेले. आता तर सिनेमाला रीळही लागत नाही.

1986 सालच्या यात्रेत अण्णांनी आमचा ढवळ्या विकला. पैसे कोपरीत ठेवून म्हणाले, "चल बाळा, तुला शिणीमा दावतो." मी खूश! मारामारी रंगात आली होती. सहज वळून पाहिलं, तर अण्णा पडद्याकडे बघतच नव्हते. कनातीपलीकडे बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता, त्यांचा कान तिकडे होता.