आडव्या बाटलीला मत देणारी आत्या

पोस्ट जरा मोठी आहे आणि विषय आपल्याकडे चारचौघांत काढायचा नसतो, असा आहे. तरी लिहिते.

मी जुन्नर तालुक्यातली. माझा धाकटा दीर दारूने गेला, तेव्हा अडतीस वर्षांचा होता. पुढे गावात 'उभी बाटली, आडवी बाटली' मतदान झालं, तेव्हा जावेला घेऊन मी सकाळीच रांगेत उभी होते. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीला मत दिलं की दुकान बंद. आमचं झालं. त्याचा आजही अभिमान आहे.

आता दुसरी गोष्ट. माझी भाची मंचरला वाढलेली, हॉटेल मॅनेजमेंट शिकून पुण्यात 'हॉटेलात नोकरी' करते, एवढंच घरात माहीत होतं. दिवाळीत तिने मला खरं सांगितलं. ती बारमध्ये कॉकटेल बनवते. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी मोबाईलवर एका जुन्या इंग्रजी पुस्तकाचं पान घेऊन आली. "आत्या, हा आपल्या जुन्नरला येऊन गेलाय."

जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. १६७५ मध्ये जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडे आला होता. १६९८ मध्ये लंडनला छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात आहे, की इंग्रज लोक गोव्याकडच्या दारूपासून 'पंच' करतात आणि पाच जिनसांवरून ते नाव पडलं. दारू, लिंबू, साखर, पाणी, मसाला. ही व्युत्पत्ती सगळ्या अभ्यासकांना पटत नाही, पण मला गंमत वाटली.

भाची आणि तिच्या चार मैत्रिणी सुट्टीला अशी विसरलेली पेयं शोधून, मापाने पुन्हा करून बघतात. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्यात कित्येक जुन्या कृती मागे पडल्या. त्या जपायला पिट्सबर्गच्या बायकांनी २००१ मध्ये 'लुपेक' नावाचं मंडळच काढलं. लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात शंभर वर्षांपूर्वी एडा कोलमन ही बाई मुख्य बारटेंडर होती. तिचं 'हँकी पँकी' आजही करतात. आपल्याकडे मुंबईत शतभी बसू यांनी १९८० च्या दशकात या कामाला सुरुवात केली. दिल्लीत तर बायकांना बारमध्ये नोकरी करायला कायद्यानेच मनाई होती. ती घटनाबाह्य आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सांगितलं.

सगळं ऐकलं आणि तरी विचारलंच, "आपल्या घरातला माणूस दारूने गेला आणि तू दारू ओतणार?"

ती म्हणाली, "आत्या, मी ३० मिली मोजून ओतते. तिसऱ्या ग्लासाआधी गिऱ्हाईकाच्या तोंडाकडे बघते. बास म्हणते. त्यांना बास म्हणणारं दुकानात कोणी होतं का?"

मला उत्तर देता आलं नाही.

१९८० च्या दशकात आपल्या नारायणगावची फसफसती वाइन परदेशात गेली, ते आपण कौतुकाने सांगतो. द्राक्षबागेत बायका राबतात, त्याचं काही वाटत नाही. पोरीच्या हातात मापाचा पेला आला की मात्र घराण्याची अब्रू जाते. पिऊन गटारात पडलेल्या पुरुषाला आपण 'बिचारा' म्हणतो.

त्या संध्याकाळी तिने घरात बिनदारूचं पंच केलं. कागदी लिंबू, गूळ, कोरा चहा, पाणी आणि वर किसलेलं जायफळ. जावेनेही घेतलं. दुसरा पेलाही मागितला.

गैरसमज नको. उद्या दुकान परत उघडायचं म्हणाले तर मी पुन्हा आडवीलाच मत देणार, आणि भाचीच्या कामाचीही लाज बाळगणार नाही. बाटलीचं काय करायचं हे बाईने ठरवावं, एवढंच दोन्हीकडे माझं म्हणणं आहे.

पोस्ट टाकायच्या आधी भाचीला विचारून मीच मंचरला जाऊन भावाला सगळं सांगितलं. तो अजून बोललेला नाही. पण काल पोरीला फोन करून जेवलीस का, एवढं विचारलं म्हणे.

तुमच्या घरात असं झालं असतं तर काय केलं असतंत? मोकळेपणाने लिहा. फक्त पोरीला नावं ठेवू नका.