धुक्यातला गिरसप्पा

मैत्रिणींनो, पावसाळ्यात गिरसप्पा बघायला जायचं म्हटलं की घरातलं कुणीतरी शहाणं माणूस हमखास म्हणतं, "आत्ता नको, धुकं असतं." बरं, उन्हाळ्यात जावं तर पाणी नाही! शरावती नदीवर वरच्या अंगाला लिंगनमक्कीचं धरण १९६४ साली झालं. पाणी विजेसाठी अडवतात, त्यामुळे कोरड्या दिवसांत कड्यावरून नुसत्या दोऱ्या लोंबाव्यात तशा धारा. जोग हे त्याचं आजचं रूढ नाव, पण आमच्या सासूबाईंच्या तोंडी गिरसप्पाच बसलेलं.

सासूबाईंना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं कमी कमी होत चाललंय. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपायची, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्या रात्री ताटावर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "मला एकदा गिरसप्पा बघायचाय." शाळेत भूगोलात शिकल्या तेव्हापासूनची हौस. मग लग्न, दिरांची शिक्षणं, घराचे हप्ते... तुम्हांला काय वेगळं सांगायचं!

जुलैत कोल्हापूरहून गाडीने निघालो. बेळगाव, हुबळी करत रात्री शिरसीला मुक्काम. पुढचा रस्ता मात्र बघण्यासारखा. दोन्ही बाजूंना सुपारीच्या बागा, खोडांवर चढलेले मिऱ्यांचे वेल आणि वरून संततधार.

सिद्धापूरवरून जोगला पोहोचलो, कठड्याशी गेलो, तर समोर पांढरा पडदा. २५३ मीटर, म्हणजे जवळजवळ ८३० फुटांवरून पाणी कोसळतंय आणि दिसत काही नाही! फक्त आवाज. लेकाने विचारलं, "एवढं धुकं कशानं?" माझ्यातली अर्धवेळ बाई जागी झाली. अरबी समुद्रावरचा दमट वारा सह्याद्रीला धडकून वर चढतो, गार होतो, त्याचे ढग होतात. आपण त्या ढगातच उभे आहोत, शिवाय दरीतून तुषार उडतात ते वेगळेच. सासूबाई शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे माझे डोळे नव्हेत. आज कुणालाच दिसत नाहीये." आणि चक्क हसल्या.

ओल्या फरशीवर आम्ही तिघं घसरत, चाचपडत होतो. त्या मात्र कठड्यावर तळहात टेकवून सावकाश चालल्या होत्या, घरी भिंतीच्या कडेने चालतात तशा. "इथं पायरी आहे हं," असं नातवालाही सांगत होत्या. त्यांचा रोजचा दिवस कसा जातो, ते मला त्या तासाभरात कळलं.

ह्यांचं लक्ष घड्याळाकडे. दुसऱ्या दिवशी ऑफिस. "निघू या, अंधारात घाट नको." आईंच्या देखत मी सहसा बोलत नाही, पण त्या दिवशी म्हटलं, "आजची रात्र शिरसीतच राहू. रजा एक दिवस वाढवा." हे काही बोलले नाहीत, चहा आणायला गेले. (तुम्ही जाल तेव्हा छत्रीवर विसंबू नका, वारा ती उलटी करतो. रेनकोट, जाड तळाच्या चपला आणि थर्मासभर चहा हवाच. सुती साडी मुळीच नको, दिवसभर वाळत नाही.)

अडीच-तीन तास गेले असतील. वाऱ्याची दिशा फिरली आणि उजवीकडून पडदा सरकायला लागला. आधी राणी दिसली, खडकांवरून पदर पसरत उतरणारी, मग रॉकेट, रोअरर आणि शेवटी अगदी डावीकडे राजा, एका झेपेत सरळ खाली. सासूबाईंना समोरचं तेवढंच दिसतं, म्हणून त्यांनी मान हळूहळू वळवत एकेक धार वेगळी पाहिली. मिनिटभर असेल सगळं. पुन्हा पांढरं.

हे चहाचे पेले घेऊन आले तेव्हा आम्ही तिघं ओलेचिंब, गप्प उभे. "काय झालं?" सांगितल्यावर ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुन्हा तासभर थांबलो, पण तो उघडला नाही.

रात्री शिरसीहून सासूबाईंनी सांगलीच्या बहिणीला फोन लावला. "अगं, पाहिला गिरसप्पा!" त्या एका मिनिटाचं वर्णन चांगलं पंधरा मिनिटं चाललं होतं. त्यांच्या गोष्टीत राजाचं पाणी बरंच वाढलं होतं आणि धुकं तर जवळजवळ नव्हतंच. हे उशीवर कोपर टेकून ऐकत होते. आम्ही कुणीच मधे बोललो नाही.