कात्रजचे ताक

ताक हे पुण्याच्या उन्हाळ्यातले सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत शहाणपणाचे पेय आहे. कात्रजला तर ते गावाच्याच नावाने विकले जाते. पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची स्थापना 1960 मधली. त्याची डेअरी कात्रजला, म्हणून त्याच्या दूधदुभत्याचे नावही 'कात्रज'. त्याआधी दोनशे वर्षे हे गाव पुण्याला पाणी पाजत होते. नानासाहेब पेशव्यांच्या काळात येथे तलाव बांधला गेला आणि जमिनीखालच्या नळातून त्याचे पाणी शहरातल्या हौदांपर्यंत पोहोचले. त्या नळातली हवा बाहेर पडावी म्हणून ठिकठिकाणी उभारलेल्या मनोऱ्यांतले, म्हणजे उच्छ्वासांतले, काही अजून दिसतात. आता शहर खडकवासल्याचे पाणी पिते. कात्रजकडून येते ते दूध, दही आणि ताक.

घरचे ताक रात्रीच्या विरजणापासून सुरू होते. दुधातल्या साखरेचे जिवाणू आम्लात रूपांतर करतात, दूध घट्ट होते, आंबटपणा येतो. सकाळी रवी फिरू लागली की आधी फेस चढतो, मग भांड्याच्या कडेला पिवळसर कण दिसू लागतात. उन्हाळ्यात या क्षणी गार पाणी घालावे लागते, नाहीतर लोणी विरघळल्यासारखे पसरते आणि गोळा धरत नाही. लोणी काढून उरते त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, शिवाय थोडी प्रथिने, कॅल्शियम आणि पोटॅशियम. मीठ वरून घालतात, जिरेपूड आणि आले चवीसाठी. पिशवीतले ताक बहुधा दही पातळ करून केलेले असते. तहानेच्या दृष्टीने त्यात उणे काही नाही, फक्त ते डेअरीपासून घरापर्यंत गारच राहायला हवे.

ताकाने थंड वाटते ते ते गार असते म्हणून, असा समज आहे. हिशेब वेगळे सांगतो. पाव लीटर बर्फगार ताक शरीराच्या तापमानाला येईपर्यंत जेमतेम 8 किलोकॅलरी उष्णता शोषून घेते. तेच पाणी पुढे घाम होऊन त्वचेवर सुकले तर सुमारे 145 किलोकॅलरी उष्णता बाहेर जाते. माठ पाझरतो म्हणून त्यातले पाणी गार राहते, तसेच माणसाचे आहे. फरक इतकाच की माणसाच्या पाझरण्यात मीठही जाते. एप्रिलमधली पुण्याची दुपार कोरडी असते, घाम येतो तसा उडून जातो आणि अंग फारसे ओले दिसत नाही. मुंबईत चिकचिक होते म्हणून माणूस सावध राहतो. कात्रजच्या उन्हात, किती पाणी गेले हे कळतच नाही, आणि धोका नेमका तिथे आहे.

आयुष्याच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र ताकाला जागा नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही द्यायचे नसते, वरचे पाणीसुद्धा नाही. त्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते. 'एवढे ऊन, बाळाचा घसा सुकला असेल' असे म्हणून चमचाभर पाणी पाजणारी आजी मायेनेच पाजते, पण त्यातून जुलाब होण्याची भीती असते. पाण्याची गरज त्या वेळी बाळंतिणीला असते आणि तिच्या हाताशी भरलेला तांब्या ठेवणे हेच बाळाला पाणी पाजणे. उष्टावण झाल्यावर मऊ भात येतो, पुढे त्यावर ताजे, गोडसर ताक. ताकभात ही मराठी मुलाची आंबट चवीशी पहिली ओळख.

शाळेच्या वयात ताकाला प्रतिस्पर्धी भेटतात. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे असते, आणि पन्हे हे विचारपूर्वक केल्यासारखे पेय आहे: पाणी, गूळ, चिमूटभर मीठ. आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने शोषले जातात आणि पाणी त्यांच्या मागे जाते. जुलाबावरच्या ओआरएसचे तत्त्व हेच. डॉ. दिलीप महालनबीस यांनी 1971 मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत त्या साध्या द्रावणाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचवले. अर्थात पन्ह्यातले प्रमाण घरागणिक बदलते, त्यामुळे जुलाब होत असतील तर पुडीचे ओआरएसच द्यावे. कोकम सरबत, सब्जा घातलेले लिंबूपाणी, कलिंगड, काकडीची कोशिंबीर, घाटातली करवंदे ही सारी याच काळात जिभेवर बसतात. गोळ्याच्या गाडीवरचा बर्फ मात्र पाहून घ्यावा. महाराष्ट्रात 2018 पासून न खाण्याच्या बर्फात निळा रंग मिसळणे बंधनकारक झाले, ते उगीच नाही.

कमावत्या वयात पेयाची निवड राहत नाही, वेळ मिळेल ते पोटात जाते. सातारा रस्त्यावर रिक्षा चालवणारा, डोंगराच्या अंगाला उठणाऱ्या इमारतींवर घमेली वाहणारी बाई, चौकात शिट्टी धरून उभा पोलीस यांच्या अंगातून कष्टाच्या कामात तासाला लीटरभरही घाम जाऊ शकतो. तहान लागल्यावर एकदम तांब्या रिकामा करण्यापेक्षा दर 15-20 मिनिटांनी पेलाभर पाणी पिणे त्यांना अधिक मानवते, आणि दुपारच्या भाकरीसोबतचे खारे ताक गेलेले मीठ भरून देते. बांधकामावरची स्त्री पाणी कमी पिते, कारण जवळ स्वच्छतागृह नसते. हे साऱ्या शहराने मनाला लावून घ्यावे असे दुःख आहे. मुकादमाने पिंप भरून ठेवले तरी आडोसा नसेल तर ते पाणी तिच्यासाठी नसतेच. घरात ओट्यापाशी उभी राहणारीही उन्हातच असते, आणि ताकाचा शेवटचा पेला बहुधा तिच्या वाट्याला येतो, उरला तर.

म्हातारपणी तहानेची जाणीवच मंदावते. मूत्रपिंडाला पूर्वीइतके पाणी राखून ठेवता येत नाही, रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवतात, आणि रात्री उठावे लागू नये म्हणून आजोबा संध्याकाळपासून पेला बाजूला सारतात. त्यांना तहान लागेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही. सकाळपासून थोडे थोडे पाजत राहावे. ताक पातळ असावे, आणि रक्तदाब असेल तर बिनमिठाचे किंवा अगदी कमी मिठाचे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना किती प्यावे हे डॉक्टरांनी ठरवून दिलेले असते. तिथे आग्रह नको.

ताकाचे काम संपते ती जागाही ओळखता यायला हवी. उन्हात राहिलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, अंग भाजल्यासारखे तापले, घाम थांबला किंवा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात असतो. त्याच्या तोंडात पाणी किंवा ताक ओतायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊ शकते. सावलीत न्यावे, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोराने वारा घालावा, काखेत आणि मानेवर बर्फ ठेवावा आणि त्याच वेळी 108 ला फोन लावावा.